सुईचं वजन

आबासाहेब हिरवे चिडले की जास्त सभ्य होत. एरवी ते समोरच्याला ‘तुम्ही’ म्हणत. राग आला की ‘आपण’ म्हणत. आणि संताप अगदी अनावर झाला की खुर्चीवरून उठत, कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत लावत आणि म्हणत, “हुकूम असेल तर एक अर्ज आहे.” मध्य भारत नावाचं राज्य जेवढी वर्षं टिकलं तेवढ्या वर्षांत मी त्यांना इतक्यांदा बटणं लावताना पाहिलं की शेवटी शेवटी त्या कोटाची काजं सैल झाली होती.

मी त्यांच्या खात्यात अनुवादक होतो. ग्वाल्हेर संस्थानाचे जुने कागद हिंदी-उर्दूत, विलीनीकरणाचे हुकूम इंग्रजीत, आणि खात्यातली माणसं भांडायची मराठीत. त्यामुळे मला काम भरपूर होतं आणि मान मुळीच नव्हता. आबासाहेब मला ‘अहो पुस्तकवाले’ म्हणत. टेबलाच्या खणात मी कादंबरी ठेवतो हे त्यांना मालूम होतं, आणि ते कुणाला सांगणार नाहीत हे मला.

खात्याचं नाव होतं ध्वनिसंग्रह. संस्थानाच्या अखेरच्या काळात कुणाच्या तरी हौसेने विलायतेहून एक यंत्र आलं होतं. त्यात कोऱ्या तबकडीवर आवाज कोरता येई आणि मग त्याच यंत्रावर ती तबकडी वाजवून ऐकताही येई. यंत्र आलं, पण ते सांभाळणार कोण? म्हणून फीलखान्यातून, म्हणजे हत्तींच्या खात्यातून, आबासाहेबांना उचलून इकडे आणलं. हत्ती तेव्हा कमी होत चालले होते आणि आबासाहेब तसेच्या तसे शिल्लक होते, एवढंच त्यामागचं तर्कशास्त्र. कुणी थट्टा केली की ते म्हणत, “हत्ती काय नि सुई काय, पाय कशावर पडतोय एवढं बघत राहायचं असतं.”

त्यांनी ते बघितलं. खेडोपाडी हिंडून म्हातारे गवई, कीर्तनकार, देवळात पहाटे पदं म्हणणाऱ्या बायका, सगळ्यांना त्यांनी त्या यंत्रापुढे आणून बसवलं. या तबकड्या बाजारातल्या तबकड्यांसारख्या नव्हेत. पत्र्याच्या चकतीवर लाखेसारखा मऊ काळा थर असतो, त्यावर आवाज कोरला जातो, आणि जो कोरला जातो तो तेवढाच. बाजारातल्या तबकडीला हजार भावंडं असतात. हिला एकही नसतं. ती झिजली की माणूस दुसऱ्यांदा गेला.

माझ्या मते त्या सगळ्या संग्रहात एकच तबकडी अशी होती की जिच्यासाठी मी खणातली कादंबरी बंद करत असे. गोदाकाकूंची. गोदाकाकू ही ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या एका देवळात पहाटे पदं म्हणणारी म्हातारी विधवा. जन्मात कधी मैफलीत बसली नाही, आणि डबड्यापुढे गायला तर तिने साफ नकार दिला होता. “डबड्याला तोंड कुठे आहे? मी कुणाकडे बघून म्हणू?” असं तिचं म्हणणं. शेवटी आबासाहेब यंत्राच्या पुढ्यात मांडी घालून बसले आणि म्हणाले, “काकू, माझ्याकडे बघा. मी पहाट आहे असं समजा.” काकू इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि तबकडी त्याच वेळी फिरत होती. त्यामुळे तबकडी सुरू झाली की आधी तो ठसका यायचा, मग “आबा, झालं का रे सुरू?” आणि मग तो आवाज. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. वर्णन करणाऱ्यांनीच पुढे सगळा घोटाळा केला. काकू त्याच वर्षी गेल्या.

आबासाहेबांचा दुसरा विशेष म्हणजे दरबारी रीत. वडीलधारं माणूस बसलं असेल तोवर उठायचं नाही, ते बोलत असेल तोवर हलायचं नाही, त्यांच्यापुढून आडवं जायचं नाही. लहानपणी वडिलांनी छडीने शिकवलेली ही रीत त्यांच्या हाडात जाऊन बसली होती. एका लग्नात पंगतीच्या टोकाला वयोवृद्ध मामा बसले होते. ताक पिता पिता मामांना डुलकी लागली. बाकी पंगत उठून हात धुऊन आली, पान खाऊ लागली, तरी आबासाहेब हात वाळवत तिथेच. शेवटी माई, म्हणजे त्यांची बायको, दारातून म्हणाली, “अहो उठा आता, मामांचं जेवण झालंय, झोप चालू आहे.”

“ते उठले की उठतो.”

“मग मी तुम्हा दोघांनाही पांघरूण आणून देते.”

मला या रीतीचा मनापासून कंटाळा होता. संस्थान गेलं, मुजरे गेले, तरी पाठीचा कणा वाकलेलाच ठेवण्याचा हा कसला अभिमान, असं मी त्यांना एकदा बोललोही. ते म्हणाले, “कणा वाकत नाही, पुस्तकवाले. आपण जागच्या जागी राहतो एवढंच.” हे उत्तर मला तेव्हा चांगलं वाटलं होतं. आता वाटत नाही.

विलीनीकरण झालं आणि आमच्या खात्याची खोली गेली. ती चांगली जाड भिंतींची, दगडी खोली होती. पण ग्वाल्हेर आणि इंदूर या दोन संस्थानांचं एकीकरण करायचं म्हणजे दोन्हीकडच्या खुर्च्या-टेबलांचंही एकीकरण करायचं, आणि ती एकत्र झालेली टेबलं ठेवायला जागा हवी. तेव्हा टेबलं दगडी खोलीत गेली आणि गोदाकाकू, यंत्र आणि आम्ही दोघे महाराज बाडा या मोठ्या चौकामागच्या एका पत्र्याच्या खोलीत आलो. तबकड्यांच्या पेट्या आबासाहेबांनी ओळखीच्या एका देवळाच्या तळघरात ठेवल्या म्हणून त्या वाचल्या. यंत्र मात्र जडशीळ. ते पत्र्याखालीच राहिलं.

ग्वाल्हेरचा मे महिना पत्र्याखाली ज्याने काढला नाही त्याला मी सांगून उपयोग नाही. पहिल्याच उन्हाळ्यात यंत्र मुकं झालं. आबासाहेबांनी वाजवायच्या दांड्याच्या टोकाला असलेला तुकडा उघडून मला दाखवला. इंग्रजीत त्याला कार्ट्रिज म्हणतात, आमच्या खात्यात सगळे मुंडी म्हणत. त्यात सुई बसते आणि सुईची थरथर विजेत बदलते. आमच्या मुंडीत मिठासारखा एक स्फटिक होता. तो उष्णतेने पाझरून ओल्या साखरेसारखा झाला होता.

“वारला,” आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी कोटाची बटणं लावायला सुरुवात केली.

आमचे साहेब होते दिवेकर. इंदूरचे, तरुण, चटपटीत, इस्त्रीचे कपडे, आणि जीभही तशीच. ते आबासाहेबांना ‘हिरवेजी’ म्हणत. नव्या जमान्यात सगळेच ‘जी’ झाले होते. आबासाहेबांचं इंदूरविषयी मत असं, की “तिकडची माणसं वाईट नाहीत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीतून लवकर घरी जायचं असतं.” नवी मुंडी हवी हा अर्ज दिवेकरांकडे गेला, तेव्हा ऐन उन्हाळा होता आणि उन्हाळ्यात सरकार इंदूरला जाई. हिवाळ्यात सरकार परत आलं, पण अर्ज इंदूरलाच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात अर्ज इकडे आला आणि सरकार तिकडे गेलं. असा त्यांचा लपंडाव काही वर्षं चालला. हे मी गमतीने लिहीत नाही. एका राज्याला दोन राजधान्या दिल्या की माणसं फिरतात, कागद फिरतात आणि फक्त जी गोष्ट फिरायला हवी ती तबकडी जागच्या जागी राहते.

आबासाहेबांनी ती वर्षं फुकट घालवली नाहीत. नवी मुंडी कोणती घ्यावी याचा त्यांनी जो शोध केला, तसा मी मुलीसाठी स्थळ शोधणाऱ्या बापानेही केलेला पाहिला नाही. मुंबईच्या दुकानांना पत्रं, इंग्रजी मासिकं, आणि ती मासिकं त्यांना समजावून सांगायची माझ्यावर सक्ती. मी भाषांतर करत असे आणि ते डोळे मिटून ऐकत. मधेच म्हणत, “हे लिहिणाऱ्याने कधी ऐकलेलं नाही. फक्त वाजवलंय.” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. एखादा गाण्याबद्दल फार बोलू लागला की ते नम्रपणे विचारत, “आपण ऐकता, की वाजवता?”

एकदा मला ते टोपी बाजारात मुन्नालालच्या दुकानी घेऊन गेले. मुन्नालाल रेडिओ, बॅटऱ्या आणि तबकड्या विकायचा. तबकडीला तो ‘तवा’ म्हणे. त्याने काउंटरवर एक लोखंडी मुंडी आपटली.

“ये लो आबासाहेब! लोहे की सुई, चुंबकवाली। न गर्मी से मरे, न बरसात से। आवाज़ मुरार तक जाएगी।”

“मुरार वालों ने दरख़्वास्त दी है क्या, लाला?”

“अरे, आप तो मज़ाक करते हैं।”

आबासाहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटा तराजू काढला. सराफ्यातल्या एका सोनाराकडून ते तो मागून आणत. काउंटरवरच्या ग्रामोफोनला ती मुंडी लावून घेतली आणि सुईचं टोक एका पारड्यात टेकवून दुसऱ्या पारड्यात वजनं टाकत गेले. दहा तोळ्यांना काटा हलला.

“दस तोला,” आबासाहेब म्हणाले.

“तो क्या हुआ? दस तोले का तो औरतें हार पहनती हैं।”

“गले में पहनती हैं, लाला। आँख पर रखकर देखो।”

मुन्नालाल हसला, त्याने चहा मागवला आणि ती मुंडी नमुन्याला म्हणून आमच्याबरोबर दिली. पण बाजारातून परतताना आबासाहेब हसत नव्हते. “तबकडी बोलत नाही म्हणून तिला लागत नाही असं सगळ्यांना वाटतं,” ते म्हणाले.

मुंबईहून नमुन्याला म्हणून त्यांनी स्वतःच्या ओळखीने आणखी एक मुंडी मागवली. जेमतेम अडीच तोळ्यांचा भार, नीलमण्याची सुई, आणि आत स्फटिकाऐवजी चिनी मातीसारखा भाजलेला तुकडा, त्यामुळे उन्हाने मरण्याची भीती नाही. आवाज मात्र नाजूक. आता या दोन मुंड्यांची परीक्षा कशी घ्यायची? संग्रहातल्या तबकडीवर तर घ्यायची नाही. तेव्हा त्यांनी कपाटातून स्वतःच्या आवाजाची एक जुनी तबकडी काढली. यंत्र नवं होतं तेव्हा चाचणीसाठी त्यांनी त्यावर फीलखान्यातल्या हत्तींची नावं म्हटली होती. संथपणे, प्रत्येक नावापुढे क्षणभर थांबून, जणू हत्ती हजेरी द्यायला येतोय.

एका बाजूला हलकी मुंडी वापरली, दुसऱ्या बाजूला लोखंडी. हलकीवर पुन्हा पुन्हा वाजवूनही हत्ती शाबूत होते. लोखंडीखाली पहिल्या खेपेला हत्ती मोठ्याने आले, एवढ्या मोठ्याने की बाहेरचा शिपाई दारात आला. दुसऱ्या खेपेला ते धुळीतून आले. चार-पाच खेपांनंतर नुसती धूळ राहिली, आणि सुईपाशी काळ्या दोऱ्यासारखा एक गुंता जमला. आबासाहेबांनी तो चिमटीत धरला.

“हा बघा. हा लक्ष्मीप्रसाद होता. शांत हत्ती.”

दिवेकरांनी समिती नेमली. समितीत स्वतः दिवेकर, हिशेबखात्याचे एक गृहस्थ आणि बांधकामखात्याचे एक अभियंता. तिघांपैकी कुणी गाणं ऐकत नसे, म्हणून निर्णय निष्पक्ष होईल असं दिवेकर म्हणाले. अभियंत्यांनी दोन्ही मुंड्या हातात तोलून पाहिल्या आणि लोखंडी मजबूत आहे असा अभिप्राय दिला. पूल आणि मुंडी यांत फरक असतो हे त्यांना कोण सांगणार? आबासाहेबांनी बटणं लावली.

“हुकूम असेल तर एक अर्ज आहे. आपण मजबुती पाहिलीत. मजबूत कुणी राहायचं, मुंडीने की तबकडीने?”

“हिरवेजी, कार्यक्रमात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचायला नको का?” दिवेकर म्हणाले.

“किल्ल्यावर तोफ आहे. ती पोचते.”

दिवेकर हसले. ते हसत, हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष होता. चिडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. समितीने सर्वांचा मान राखून दोन्ही मुंड्या मंजूर केल्या, हलकी रोजच्या वापरासाठी आणि लोखंडी ‘राखीव’. आबासाहेब खूश झाले. अनेक वर्षांनी गोदाकाकूंचा ठसका त्या पत्र्याच्या खोलीत ऐकू आला, “आबा, झालं का रे सुरू?” आणि आबासाहेब यंत्राला म्हणाले, “झालं, काकू.” मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते शोभलं नसतं.

तोवर मध्य भारतच विसर्जित व्हायची वेळ आली. नवं मोठं राज्य, राजधानी भोपाळ. ग्वाल्हेरहून कचेऱ्या उठू लागल्या, फायली बांधल्या जाऊ लागल्या, आणि ज्यांची बदली झाली ते रडू लागले, ज्यांची नाही झाली ते घाबरू लागले. आमचा संग्रह भोपाळला जायचा होता, आबासाहेब आणि मी मात्र इथेच राहणार होतो. जाण्याआधी एक समारंभ व्हावा, नव्या राज्याच्या तयारीसाठी आलेल्या एका बड्या पाहुण्यांना आमचा वारसा ऐकवावा, असं दिवेकरांच्या मनात आलं.

“काहीतरी अस्सल ग्वाल्हेरचं द्या, हिरवेजी. बाजारात न मिळणारं.”

आता इथे दुसरा कुणी असता तर त्याने एखादी बाजारू तबकडी देऊन वेळ मारून नेली असती. पण पाहुण्यापुढे घरातलं सर्वांत चांगलं ठेवायचं, हीदेखील त्याच छडीने शिकवलेली रीत. आबासाहेबांनी गोदाकाकूंची तबकडी काढली. हलकी मुंडी स्वतःच्या हाताने दांड्याला बसवली, तराजूने वजन पाहिलं, यंत्रावर कापड टाकलं आणि घरी जाऊन नवा कोट घालून आले.

मधल्या वेळात ध्वनिक्षेपकवाला मिस्त्री आला. त्याने वाजवून बघितलं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईना. त्याने दिवेकरांना विचारलं. दिवेकर म्हणाले, “राखीव आहे ना, ती लाव.” हे मला नंतर त्या मिस्त्रीनेच सांगितलं, अगदी निरागसपणे. त्याचा दोष नाही. त्याला कुणीतरी विचारायला हवं होतं की बाबा, तू ऐकतोस की वाजवतोस.

सभागृह भरलं होतं. पुढे पाहुणे, हार गळ्यात. आबासाहेब तिसऱ्या रांगेत जुन्या दरबारी मंडळींत, मी त्यांच्या शेजारी. दिवेकरांनी वारशावर भाषण केलं. त्यात ‘अमर स्वर’ हा शब्द इतक्यांदा आला की मी मोजायचं सोडून दिलं. मग कापड काढलं आणि दांडा खाली आला.

ठसका तोफेसारखा आला.

आबासाहेब दचकले. मी दचकलो ते आवाजाने. ते मात्र आवाज ऐकण्याआधीच दचकले होते, दांडा पडताना जो ठक्क झाला त्याने. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, “लोखंडी आहे.”

“उठा ना मग! थांबवा!” मी म्हणालो.

त्यांनी पुढे पाहिलं. पाहुणे डोळे मिटून बसले होते. त्यांच्या शेजारी दोन वृद्ध सरदार, तेही डोळे मिटून. उठायचं म्हणजे त्यांच्यापुढून आडवं जायचं. आबासाहेबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि उठण्यासाठी माणूस जसा जोर लावतो तसा जोर त्या हातांत दिसत होता. पण शरीर उठेना. मी स्वतः अर्धवट उठलो तर मागच्या रांगेतल्या कुणीतरी माझा कोट ओढून मला खाली बसवलं. “अहो, पाहुणे बसलेत!” असं ते म्हणाले. आख्खं सभागृह एका वाकड्या रीतीने खुर्च्यांना बांधलेलं होतं आणि समोर दहा तोळ्यांचं लोखंड एका म्हातारीच्या आवाजात नांगर घालत होतं. गाणं संपेपर्यंत आम्ही सगळे अत्यंत शिस्तीत बसलो.

संपल्यावर पाहुण्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “वाह। एक बार फिर।”

आणि ते पुन्हा लावलं.

दुसऱ्या खेपेला ठसका आलाच नाही. “झालं का रे” इतकंच कुठून तरी लांबून ऐकू आलं, आणि मग नुसता खरखराट, आणि सभागृह त्या खरखराटावर माना डोलावत राहिलं. पाहुणे उठले, टाळ्या झाल्या, मग आबासाहेब उठले. दिवेकर हसत जवळ आले.

“छान झालं, हिरवेजी! थोडी खरखर होती, पण जुनं म्हटलं की खरखर आलीच.”

आबासाहेबांनी बटणं लावली नाहीत. अर्जही केला नाही. ते मंचाकडे गेले आणि तबकडी उचलून, कोटाच्या अस्तराशी धरून बाहेर पडले. हलकी मुंडी मला जाजमाखाली सापडली. मिस्त्रीने ती मंचाच्या कडेला ठेवली होती, ती कुणाच्या तरी पायाखाली आली. नीलमण्याचा चुरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या खोलीत ते ती तबकडी खिडकीच्या उजेडात तिरपी धरून बसले होते. काळ्या चकचकीत पृष्ठावर राखाडी पट्टा पडला होता. मग म्हणाले, “लोखंडी सुई जाड असते. ती वरच्या काठावरून नांगरते. खोबणीच्या तळाशी पोचत नाही. बारीक सुई लावली तर तळाशी काकू असतील अजून. थोड्या.”

“असतील?”

“असतील. पण आता कुणी हात लावायचा नाही.”

त्यांनी स्वतःविषयी फक्त एकदा काही म्हटलं, तेही माईला. मी चहाला गेलो होतो. माई म्हणाली, “तुम्ही उठला असतात तर कुणी फासावर दिलं असतं का?” आबासाहेब म्हणाले, “मामा झोपलेत असं कुणीतरी मला सांगायला हवं होतं.” माईने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला आणि ती आत गेली. तिची थट्टा त्या दिवशी मी पहिल्यांदाच संपलेली पाहिली.

मला राग आला तो दिवेकरांचा. अजून आहे. मला पाहुण्यांचाही राग आहे, त्यांनी डोळे मिटले म्हणून. डोळे मिटून ऐकणाऱ्यांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही. आणि त्या रांगांचा राग आहे, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुणापुढे उठायचं नाही एवढंच शिकवलं आणि कशासाठी उठायचं ते कधीच शिकवलं नाही.

दुसरी हलकी मुंडी मागवण्याचा अर्ज झाला. दिवेकर म्हणाले, “आता भोपाळला गेल्यावर बघू. आणि हिरवेजी, आनंदाची गोष्ट. तिथे पोचल्याबरोबर नव्या साहेबांपुढे मोठा कार्यक्रम ठेवलाय. सगळ्या तबकड्या एकेक करून वाजवायच्या. राखीव मुंडी आहेच.”

“सगळ्या?”

“सगळ्या. वारसा आहे, दडवून का ठेवायचा?”

नवं राज्य स्थापन झालं त्या दिवशी सकाळी आमच्या पेट्या हातगाडीवर चढल्या. आबासाहेबांनी प्रत्येक पेटी उभी ठेवून घेतली, आडवी एकही नाही. यंत्र चढलं. दिवेकरांनी सवयीने झाकण उघडून आत पाहिलं. दांड्याचं टोक रिकामं होतं.

“हिरवेजी, मुंडी कुठाय?”

“माझ्या खिशात.”

“म्हणजे? ती बसवा ना.”

“नाही.”

दिवेकर आयुष्यात पहिल्यांदा हसले नाहीत. “ही सरकारी वस्तू आहे.”

“आहे. माझी तक्रार करा. चौकशी बसवा. चौकशीत मला विचारा की हलक्या मुंडीशिवाय वाजवू का दिलं नाही, मी सांगेन. त्या निमित्ताने तरी भोपाळच्या कुणाला हलकी मुंडी हा शब्द मालूम होईल. ती ज्या दिवशी दांड्याला लागेल त्या दिवशी ही मी स्वतः आणून देईन.”

“आणि तोवर?”

“तोवर त्या गप्प बसतील. गप्प बसून कुणी मरत नाही.”

दिवेकर माझ्याकडे वळले. मी म्हणालो की मी अनुवादक आहे, आणि हे मराठीतच होतं. गाडी निघायची वेळ झाली होती. हातगाडी स्टेशनकडे गेली.

आबासाहेब घरी निघाले. महाराज बाड्यावर नव्या राज्याचा समारंभ चालू होता. शामियाना, कर्णे, पुढे ओळीने बसलेली बडी मंडळी, आणि मंचावर कुणीतरी भाषण करत होतं. वाजवीपेक्षा खूप मोठ्याने. घराकडे जायचं तर कडेकडेने बाड्याला वळसा घालून जायचा रस्ता होता. मी कचेरीच्या पायऱ्यांवर उभा होतो. आबासाहेबांनी एकदा कडेच्या रस्त्याकडे पाहिलं. मग ते सरळ चालू लागले, मंच आणि पहिली रांग यांच्या मधून, बसलेल्यांच्या पुढून आडवे, सावकाश, कोटाची बटणं उघडी. लोखंडाच्या भाराने त्यांचा उजवा खिसा खाली ओढला गेला होता आणि त्यामुळे ते किंचित एका अंगाने चालत होते. एक स्वयंसेवक धावत आला.

“बाबूजी, बैठ जाइए! साहब बोल रहे हैं!”

“बोलने दीजिए,” आबासाहेब म्हणाले, आणि न थांबता पलीकडे निघून गेले.